"तीन कोटेशन मी मॅनेज करतो" म्हणणाऱ्याला काय उत्तर द्यायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल-बेडशीटचे १२ लूम, आजवर सगळा माल व्यापाऱ्यालाच जायचा, आता सरकारी दवाखाने, आश्रमशाळा, वसतिगृहं यांना थेट माल द्यायचा विचार आहे. ओळखीतला एक जण म्हणतो की जीएसटी आणि उद्यम (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) आहे ना मग झालं, अनुभवाचा दाखला आणि तीन कोटेशन मी मॅनेज करतो, तुम्ही फक्त ५ टक्के बाजूला ठेवा. तर कायद्याने काय काय लागतं, आणि पैसे वेळेवर मिळतात का.

मालक, मी सोलापुरात टेंडर आणि जीएसटीचंच काम करतो, त्यामुळे तुमच्या त्या ओळखीतल्या माणसाला मी भेटलेलो नसलो तरी त्याची पद्धत मला तोंडपाठ आहे. सरळ सांगतो. रजिस्ट्रेशन वगैरे हा यातला सगळ्यात सोपा भाग, तो आठवड्यात उरकतो. माणूस अडकतो तो ऑफिसातल्या कुणीतरी "एवढं जरा करून द्या की" म्हटल्यावर जो कागद करून देतो त्यात. साहेबांची बदली होते, क्लार्क रिटायर होतो, पण कागद फाईलला राहतो आणि त्यावर सही तुमची असते. ऑडिटवाले दोन-तीन वर्षांनी येतात तेव्हा ती फाईल उघडतात, तेव्हा तुमची बाजू सांगायला तिथे कुणी नसतं.

आधी सोपं उरकून टाकू. पॅन, जीएसटी, उद्यम, फर्मच्या नावाचं करंट खातं, आणि क्लास ३ ची डिजिटल सिग्नेचर, क्लास २ जानेवारी २०२१ पासून बंद आहे. टेंडरसाठी घेताना सायनिंग आणि एन्क्रिप्शन दोन्ही घ्या, नुसतं सायनिंगवालं स्वस्त मिळतं म्हणून घेतात आणि शेवटच्या दिवशी पोर्टलवर बोंब होते. केंद्राचं बरंचसं आणि राज्याचंही काही जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर निघतं, महापालिका-झेडपी-राज्याचे विभाग महाटेंडर्सवर, रेल्वेचं आयआरईपीएसवर. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, डिजिटल सिग्नेचरचं टोकन आणि पिन दोन्ही कन्सल्टंटकडे ठेवायची आपल्याकडे सवय आहे, ती सोडा. माझ्याकडेसुद्धा ठेवू नका. त्या टोकनने जे अपलोड होतं ते कायद्याने तुम्ही सही केलेलं असतं, मग तुम्ही तेव्हा लूमवर होता का गड्ड्याच्या यात्रेत होता हे कुणी विचारत नाही.

उद्यमबद्दल जरा नीट ऐका, कारण इथे बरेच जण फसतात. केंद्राची २०१२ ची एमएसई खरेदीची ऑर्डर आहे, त्यात केंद्राच्या खात्यांनी आणि उपक्रमांनी वर्षाच्या खरेदीतला किमान २५ टक्के भाग सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून घ्यायचा असतो, त्या २५ पैकी ३ टक्के महिला उद्योजकांकडून, ४ टक्के एससी-एसटी उद्योजकांकडून. ईएमडी म्हणजे बयाणा रक्कम माफ, टेंडर फॉर्म फुकट, आणि एल-वन म्हणजे सगळ्यात कमी दरवाला एमएसई नसेल आणि तुमचा दर त्याच्या १५ टक्क्यांच्या आत असेल तर त्याच्या दराला उतरून ऑर्डरचा काही भाग घेता येतो. पण हे सगळं उत्पादकाला आणि सेवा देणाऱ्याला, ट्रेडरला नाही. २०२१ मध्ये ट्रेडरना उद्यम खुलं केलं ते बँकेच्या कर्जासाठी, टेंडरच्या सवलतीसाठी नाही. त्यामुळे उद्यमवर मेजर ॲक्टिव्हिटी मॅन्युफॅक्चरिंगच आहे ना, आणि एनआयसी कोड १३९२ च्या गटातला म्हणजे तयार कापडी वस्तूंचा आहे ना ते आजच काढून बघा. राज्याच्या खरेदीला १ डिसेंबर २०१६ ची वेगळी नियमपुस्तिका आहे, तिथे केंद्राच्या सवलती आपोआप लागतील असं धरून चालू नका, त्या-त्या टेंडरच्या अटीत काय लिहिलंय तेच खरं.

आणि इथेच हरियाणातल्या पानिपतहून स्वस्त तयार माल आणायचं प्रकरण येतं. ऑर्डर घेताना मी उत्पादक म्हणून ईएमडी माफ करून घ्यायची आणि माल पानिपतहून मागवून नुसतं पॅकिंग बदलून पाठवायचा. दर परवडतो, मान्य आहे, पण तुमचं डिक्लेरेशन खोटं झालं. मेक इन इंडियाच्या अटीला ते चालून जाईल कारण पानिपतही भारतातच आहे, उत्पादक म्हणून घेतलेली सवलत मात्र उडाली. त्यावर कुणी वर "सोलापुरी चादर" असं लेबल लावलं तर अजून एक भानगड, कारण सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल दोन्हीला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन आहे आणि त्या कायद्यात तुरुंगाची शिक्षा आहे.

आता तीन कोटेशन. हे तुम्हाला पहिल्याच महिन्यात कुठेतरी ऐकायला मिळणार. छोटी खरेदी असते, नियमाप्रमाणे ऑफिसने तीन ठिकाणहून दर मागवायचे असतात, आणि क्लार्क म्हणतो की तुम्हीच तिन्ही आणून द्या, आम्ही कुठं फिरत बसू. मग काय होतं ते सांगतो, अशा फायली मी बघितल्यात. तीन लेटरहेड, तिन्ही एकाच प्रिंटरवर काढलेली, एका बाजूला शाईची तीच बारीक रेघ, तिन्हींवर "बेडशिट" असं एकसारखं चुकलेलं, दर ३१२, ३१८ आणि ३२५. जीएसटी नंबर पोर्टलवर टाकले तर दोन फर्म एकाच गाळ्याच्या पत्त्यावर. ऑडिटवाल्याला हे शोधायला चहा संपेपर्यंतसुद्धा वेळ लागत नाही. ऑनलाइन टेंडरमध्ये तर आयपी ॲड्रेस, पीडीएफ बनवणाऱ्या कॉम्प्युटरचं नाव, एकाच खात्यातून निघालेल्या ईएमडी, सगळं तिथल्या तिथे नोंदलेलं असतं.

आपल्याकडे याला सपोर्ट टाकणं म्हणतात, कायद्यात ते बिड रिगिंग आहे, स्पर्धा कायदा २००२ चं कलम ३. कार्टेल ठरलं तर त्या प्रत्येक वर्षाच्या नफ्याच्या तिपटीपर्यंत किंवा उलाढालीच्या १० टक्क्यांपर्यंत दंड, जे जास्त असेल ते. आणि हे फक्त सिमेंट कंपन्यांसाठी असतं असं समजू नका. पुणे महापालिकेच्या घनकचरा प्रक्रियेच्या टेंडरांमध्ये ठरवून बिड टाकल्याबद्दल स्पर्धा आयोगाने २०१८ मध्ये आदेश काढले, त्यात काही फार मोठी नावं नव्हती. जो मित्र तुम्हाला नुसतं लेटरहेड देतो तोही तितकाच अडकतो, त्याला हे कुणी सांगत नाही.

मग करायचं काय? फक्त आपलं एक कोटेशन द्यायचं, बंद पाकिटात, आणि आवक-जावकला देऊन पोचपावतीवर शिक्का आणि आवक नंबर घ्यायचा. "बाकीची दोन तुम्ही मागवा साहेब, नावं इंडस्ट्रियल एरियात ढीगभर आहेत" एवढं हसत बोलायचं. कधी ऑर्डर हातची जाते. जाऊ द्या. असंच ऑर्डरचे तुकडे पाडण्याचं, मोठी खरेदी तीन बिलांत बसवून ई-टेंडर टाळायचं, ते ऑफिसने करायचं नसतं हे त्यांच्याच नियमपुस्तिकेत आहे, पण बिलं तुम्ही फोडून दिली तर त्यात तुमचाही हात दिसतो.

अनुभवाचा उसना दाखला. हे ऐकून तर मला खरंच चीड येते कारण याची गरजच नसते. खोटा दाखला अपलोड करणं म्हणजे भारतीय न्याय संहितेत फसवणूक, बनावट दस्तऐवज आणि तो खरा म्हणून वापरणं, तिन्ही. वर ईएमडी जप्त, काळ्या यादीत नाव. आणि हे पकडून कोण देतं तर ऑफिस नाही, एल-टू म्हणजे दुसऱ्या नंबरचा दरवाला देतो, तो तुमचे कागद डाऊनलोड करून दाखला देणाऱ्याला फोन लावतो. त्यापेक्षा जेमवर बिड उघडली की एमएसईला अनुभव आणि टर्नओव्हरची सूट "यस" आहे का बघा, बऱ्याच बिडमध्ये असते. नसेल तर अटीत सरकारी अनुभवच पाहिजे असं लिहिलंय का नुसतं तशा मालाचा पुरवठा म्हटलंय ते वाचा, नुसतं पुरवठा असेल तर तुमची खासगी हॉस्पिटल, हॉटेलांना दिलेल्या मालाची बिलं चालू शकतात, शंका असेल तर प्री-बिड क्वेरी टाकून लेखी उत्तर घ्या. सीएकडून टर्नओव्हरचा दाखला घेतला तर त्यावर यूडीआयएन म्हणजे ऑनलाइन तपासता येणारा सीएचा नंबर असला पाहिजे, नसला की सरळ बाद.

५ टक्क्यांचं बोलू. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ ला बदल झाला, त्यानंतर लाच देणारासुद्धा सरळ आरोपी, कलम ८, सात वर्षांपर्यंत. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांत पोलीस किंवा एसीबीकडे म्हणजे लाचलुचपतवाल्यांकडे कळवलं तरच सुटका आहे. देण्याआधीच १०६४ ला फोन करून तक्रार दिली आणि त्यांच्या सांगण्यावरून पैसे दिले तर अडचण नाही. मधल्या माणसाने साहेबांवर वजन टाकतो म्हणून पैसे घेतले तर त्यालाही वेगळं कलम आहे, आणि पैसे तुमच्या खात्यातून गेलेले असतात. आपल्या सोलापुरात आला-गेला पाहुणा चादर देऊन सत्कार केल्याशिवाय जात नाही, लग्नात टॉवेल-टोपी चालते, तो आपला रिवाजच आहे, पण ज्या साहेबाच्या टेबलावर तुमची बिड आहे त्याच्या घरी दिवाळीला चादरींचा गठ्ठा पाठवू नका. देणाऱ्याला तो आहेर वाटतो, एसीबीला वाटत नाही.

आता मार्च एंड, यावर मी नेहमीच जास्त बोलतो. २० मार्चनंतर फोन येतो, ग्रांट लॅप्स होतीय म्हणजे न खर्चलेले पैसे परत जातायत, तुम्ही ३१ च्या आत बिल आणि चलन देऊन टाका, माल काय एप्रिलमध्ये निवांत द्या. माणूस चांगला असतो, तुम्हालाही ऑर्डर हवी असते. पण विचार करा, माल न जाता बिल काढणं हा जीएसटी कायद्यात कलम १२२ चा दंड, स्टोअरच्या रजिस्टरला माल आला म्हणून खोटी नोंद, आणि ट्रेझरीतून त्या नोंदीवर पैसे निघालेले. पुढे एप्रिलमध्ये साहेबांची बदली झाली, नव्या माणसाने गोडाऊन मोजलं, ४०० बेडशीट कमी. चलनावर "माल पोच" म्हणून सही-शिक्का आणि तारीख २९ मार्च, ई-वे बिल म्हणजे मालवाहतुकीचा जीएसटीचा कागद मात्र काढलेलाच नाही, आणि महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १ लाखाच्या वर ते लागतंच. गाडी कुठली, ड्रायव्हर कोण, काहीच नाही. यातून वाचायचा मार्ग एकच, फेब्रुवारीतच माल तयार ठेवून ऑफिसला लेखी कळवा की आमचा माल तयार आहे, ऑर्डर काढा, १५ मार्चच्या आत पोचवतो. ज्यांचं जमतं त्यांचं असंच जमतं. ज्यांचं नाही जमलं त्यांनी त्या वर्षीची ती ऑर्डर सोडावी.

ऑर्डरचं म्हणाल तर तोंडी ऑर्डरवर एक टॉवेलसुद्धा गाडीत टाकू नका. राज्य आणि केंद्र सरकारचा करार राज्यघटनेच्या कलम २९९ प्रमाणे लेखी आणि अधिकार असलेल्या माणसाच्या सहीनेच व्हावा लागतो, साहेब फोनवर हो म्हणाले याला कोर्टात काही किंमत नसते, फार तर दिलेल्या मालाची भरपाई मागत वर्षानुवर्षं फिरावं लागतं.

माल देताना भांडण बहुतेक जीएसएमवरून, म्हणजे कापडाच्या चौरस मीटरला किती ग्रॅम यावरून होतं. दवाखान्याच्या स्टोअरला गोल कटर असतो, १०० चौरस सेंटिमीटरची चकती कापतात, छोट्या काट्यावर ठेवतात, ग्रॅमला १०० ने गुणलं की जीएसएम. तुम्ही लूमवरून आलेलं कापड मोजून १५० लिहिलेलं असतं, पण त्यात खळ असते, एक धुणं झालं की आकडा खाली येतो, आणि स्टोअरवाला हुशार असेल तर धुऊनच कापतो. म्हणून बिडमध्ये जीएसएम धुतल्यानंतरचा धरायचा का कोरा ते आधी विचारून घ्या, एनएबीएल लॅबचा रिपोर्ट जोडा, आणि मंजूर झालेल्या सॅम्पलचा दोघांच्या सहीचा सीलबंद तुकडा आपल्याकडेही ठेवा. जेमवर माल पोचला की ४८ तासांत पीआरसी म्हणजे माल मिळाल्याची पावती, दहा दिवसांत सीआरएसी म्हणजे माल तपासून स्वीकारल्याचा दाखला, आणि त्यानंतर दहा दिवसांत पैसे असा हिशोब आहे. उशीर झाला तर आठवड्याला अर्धा टक्का कापतात, जास्तीत जास्त १० टक्के, त्यामुळे लाईट गेली, वार्पर आला नाही असं काही झालं तर मुदत संपायच्या आधी मुदतवाढ मागा, नंतर मागून उपयोग नाही.

टॅक्सचं पटकन. करार अडीच लाखांच्या वर असेल तर, जीएसटी सोडून, सरकारी ऑफिस २ टक्के जीएसटी टीडीएस कापतं, ऑक्टोबर २०१८ पासून. बिल छोटं असलं तरी करार मोठा असेल तर कापणारच. हे पैसे तुमच्या कॅश लेजरला येतात पण तुम्ही पोर्टलवर टीडीएस क्रेडिट स्वीकारलं तरच, कित्येकांचे तिथेच पडून असतात. आयकराचा ठेकेदारीचा टीडीएस मात्र तुमच्याच सुताचा तयार माल विकल्यावर लागत नाही, ऑफिसने सवयीने कापला तर लेखी हरकत घ्या. उलाढाल ५ कोटींच्या वर असेल तर ई-इन्व्हॉइस काढावंच लागतं, समोरच्या ऑफिसचा फक्त टीडीएसचा जीएसटी नंबर असला तरी, हे जुलै २०२३ च्या सर्क्युलरने स्पष्ट केलंय. आणि जीएसटी बिलाच्या तारखेने भरायचा असतो, पैसे आले का नाही त्याच्याशी घेणं नाही, हे खेळत्या भांडवलात धरा. कामगारांचं म्हणाल तर २० जणांवर पीएफ, १० जणांवर ईएसआय, टेंडरच्या कागदात २४ कामगार दाखवायचे आणि पीएफच्या चलनात चार, असं करू नका, दोन्ही कागद सरकारकडेच जातात.

कधी वाद झाला आणि ब्लॅकलिस्ट करतो म्हणाले तर लगेच घाबरू नका. आधी कारणे दाखवा नोटीस द्यावी लागते आणि त्यात ब्लॅकलिस्ट करायचा विचार आहे हे स्पष्ट लिहिलेलं असावं लागतं, सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये गोरखा सिक्युरिटीच्या केसमध्ये हे सांगितलंय. नोटिशीला मुदतीत, मुद्देसूद, कागद जोडून उत्तर द्या, फोनवर साहेबांशी बोललो म्हणून गप्प बसू नका. त्यातूनही अन्याय झालाच तर आता हायकोर्टासाठी मुंबई गाठायची गरज नाही, ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालंय आणि सोलापूर त्यातच आहे. पण टेंडर तुम्हालाच का नाही दिलं असल्या मुद्द्यावर कोर्ट सहसा हात घालत नाही, प्रक्रिया चुकली असेल तरच ऐकतं.

राहिला पैशाचा प्रश्न. कायदा तुमच्या बाजूने भक्कम आहे. एमएसएमईडी कायद्याच्या कलम १५ ने लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या वर थांबवता येत नाही, करारात मुदत नसेल तर १५ दिवस. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, दर महिन्याला चक्रवाढ. तक्रार केंद्राच्या एमएसएमई पोर्टलवर ऑनलाइन, आणि अशा तक्रारी ऐकणाऱ्या कौन्सिलने तुमच्या बाजूने निकाल दिला तर समोरच्याला त्याविरुद्ध जायला ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. अट एक, उद्यम ऑर्डरच्या आधीचं पाहिजे, नंतर काढून मागच्या पुरवठ्याला संरक्षण मिळत नाही असं सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये सिल्पी इंडस्ट्रीजच्या निकालात म्हटलंय.

प्रत्यक्षात मात्र पुढच्या वर्षी परत त्याच दारात जायचं असतं म्हणून फार थोडे जण अशी तक्रार करतात. मी सांगतो ते असं करा, ४५ दिवस झाले की व्याजाचा तक्ता जोडून साधं पत्र, एक प्रत आहरण-संवितरण म्हणजे बिलाचे पैसे काढणाऱ्या अधिकाऱ्याला, आवक शिक्क्यासह. धमकी नको, नुसता आकडा. अडकलेल्या बऱ्याच फायली एवढ्यावर हलतात, कारण ते व्याज कुणाच्या खात्यातून जायचं हा प्रश्न त्यांच्यापुढेही उभा राहतो. एनटीपीसीसारखे मोठे केंद्रीय उपक्रम असतील तर ट्रेड्स या ऑनलाइन प्लॅटफॉर्मवर बिल वटवून पैसे आधी घेता येतात, तिथे फार त्रास नाही. राज्याच्या ऑफिसात ग्रांट आल्याशिवाय बिल हलत नाही हे धरूनच चाला, दरात तीन-चार महिन्यांचं व्याज घाला, आणि ते घालून दर बसत नसेल तर ती बिड सोडून द्या, वसतिगृहाच्या टॉवेलची दुसरी येईलच.